हट्ट आणि कडेलोट

(बी.कॉम., द्वितीय वर्ष)

सुलतान बाजारात किंवा कोठीच्या बसस्टॉपवर नऊ-दहा वर्षांचा एखादा मुलगा एकाएकी कान झाकून किंचाळू लागला, रस्त्यातच फतकल मारून बसला आणि उठवायला आलेल्या आईला त्याने ढकलून दिले, तर भोवती जमलेल्या माणसांचे निदान दोन मिनिटांत तयार असते. कोणी म्हणतो, लाडावलेला आहे. कोणी म्हणतो, दोन ठेवून द्या, आत्ता गप्प बसेल. एखादी वयस्कर बाई दृष्ट काढायला सांगते. आईकडे पाहण्याची नजर मात्र सगळ्यांची सारखीच असते. या मंडळींत दुष्ट असे कोणी नसते. मुलांचा हट्ट आपल्या सर्वांना ठाऊक असतो आणि समोर जे चालले आहे ते हट्टासारखेच दिसते. म्हणून हट्टावरचा उपाय सुचवला जातो. परंतु काही मुलांच्या बाबतीत ती गोष्ट हट्टाची नसते, आणि तेथे हट्टावरचा उपाय केला तर प्रकरण अधिकच चिघळते.

अशा मुलांपैकी ज्यांना अ‍ॅस्पर्गरची मुले म्हणून ओळखले जाते, त्यांच्याविषयी प्रस्तुत लेखात काही सांगावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. मानसशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण माझा अकरा वर्षांचा मावसभाऊ असा आहे. तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि गेली तीन वर्षे संध्याकाळी त्याचा अभ्यास मी घेते. त्यामुळे जे मिळेल ते वाचणे आणि वाचलेले वरच्या मजल्यावर ताडून पाहणे असा दुहेरी अभ्यास आपोआप घडला.

प्रथम नावाविषयी. हान्स अ‍ॅस्पर्गर हे व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ. १९४४ साली त्यांनी चार मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. ही मुले बुद्धीने चांगली, बोलण्यात तर मोठ्या माणसांसारखी, पण इतर मुलांत मिसळणे त्यांना जमत नसे आणि आपल्या आवडीच्या एकाच विषयात ती बुडून जात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४३ साली, अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे वर्णन केले होते. आणि या दोघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशाच मुलांविषयी लिहून ठेवले होते, पण त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत आहे. अ‍ॅस्पर्गर यांचा निबंध जर्मन भाषेत असल्याने तोही दीर्घकाळ दुर्लक्षितच राहिला. १९८१ साली इंग्लंडमधील लॉर्ना विंग यांनी तो इंग्रजी वाचकांपुढे आणला आणि या अवस्थेला अ‍ॅस्पर्गरचे नाव रूढ केले. विंगबाई स्वतः मनोविकारतज्ज्ञ तर होत्याच, शिवाय एका स्वमग्न मुलीच्या आईही होत्या. १९९४ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हे नाव स्वतंत्रपणे दाखल झाले आणि २०१३ साली तेथून काढून टाकण्यात आले. आता हे सारे ऑटिझम स्पेक्ट्रम, म्हणजे स्वमग्नतेचा विस्तीर्ण पट, या एकाच नावाखाली येते. मध्यंतरी, २०१८ साली, नाझी राजवटीत काही अपंग मुलांना ज्या संस्थेत मृत्यूच्या दारी पाठवले जाई तेथे पाठवण्यात खुद्द अ‍ॅस्पर्गर यांचा हात होता, हे इतिहास-संशोधकांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिले. तेव्हापासून हे नाव नकोच, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. मलाही त्यांचे म्हणणे पटते. परंतु ज्यांच्या फाइलीवर जुने निदान आहे ती कुटुंबे अजून हाच शब्द वापरतात, म्हणून येथे तो ठेवला आहे.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीत ज्याला मेल्टडाउन म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द रूढ नाही. मी आपली ‘कडेलोट’ हा शब्द वापरते. आज आपण तो ‘अतिरेक’ या अर्थाने सर्रास वापरतो, पण मूळ कडेलोट म्हणजे किल्ल्याच्या कड्यावरून माणसाला खाली लोटून देण्याची शिक्षा. येथे मला तो मूळ अर्थच जवळचा वाटतो. कारण मूल आपण होऊन उडी मारत नाही. ते लोटले जाते.

हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवे असते. ते मिळाले की डोळ्यांतले पाणी तिथल्या तिथे सुकते. तो रडता रडता मधूनच आपल्याकडे कोणी पाहते आहे की नाही, याचा अंदाज घेतो, आणि जमिनीवर लोळण घेताना डोके आपटणार नाही याची काळजीही घेतो. कडेलोट झालेल्या मुलाला मात्र त्या क्षणी काहीच नको असते. खेळणे द्या, चॉकलेट द्या, मोबाइल द्या, फरक पडत नाही. उलट दिलेली वस्तू भिरकावली जाते. प्रेक्षक नसला तरी, बंद खोलीत एकटे असतानाही हे घडते. स्वतःचाच हात चावणे, भिंतीवर डोके आपटणे यांत त्याला लागते, पण तेव्हा ते कळत नाही. नंतर ते मूल गळून जाते, कित्येकदा झोपी जाते, आणि जागे झाल्यावर शरमते. अर्थात प्रत्येक वेळी ही सीमारेषा स्वच्छ दिसतेच असे नाही. साधा हट्ट म्हणून सुरू झालेली गोष्ट लांबत जाऊन कडेलोटापर्यंत पोहोचल्याचे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी शंकेचा फायदा मुलाला द्यावा, असे माझे मत झाले आहे.

हे का घडते? स्वमग्न मुलांची ज्ञानेंद्रिये आपल्यापेक्षा वेगळ्या मापाची असतात. आपल्याला ऐकूही न येणारी ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाच्या कॉलरमागचे लेबल, फोडणीचा वास, बाजूच्या बाकावरचा धक्का, यांतले काहीही त्यांना सुईसारखे टोचू शकते. त्यात ठरलेला क्रम बदलला की मनाची घडी विस्कटते. समोरच्याचा चेहरा, सूर आणि थट्टा यांचा अर्थ लावण्यात दिवसभर जी शक्ती खर्च होते ती निराळीच. शिवाय आपल्या पोटात भूक आहे की भीती, छातीत होते आहे तो राग आहे की थकवा, हे ओळखण्याची अडचण यांतील पुष्कळांना असते. ताण वाढत चालल्याचे त्यांना स्वतःलाच उशिरा कळते. आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यावर, वाघ समोर आल्यासारखे, शरीर धोक्याची घंटा वाजवते. त्या वेळी काळीज धडधडत असते, हातपाय लढायला किंवा पळायला सिद्ध झालेले असतात, आणि विचार करणारी व बोलणारी बुद्धी मागे पडते. म्हणूनच त्या क्षणी समजावणे, दरडावणे आणि आमिष दाखवणे ही तिन्ही हत्यारे बोथट ठरतात.

येथे अ‍ॅस्पर्गरच्या मुलांवर एक खास अन्याय होतो. ज्या मुलाला बोलताच येत नाही त्याची अडचण लोकांना दिसते. आमचा हा मात्र एमएमटीएसचे सबंध वेळापत्रक मुखोद्गत म्हणून दाखवतो, मग “एवढे बोलता येते, तर काय होते आहे ते सांगता येत नाही का?” असा प्रश्न सर्वांना पडतो. नाही सांगता येत. चांगल्या वेळी असलेली वाचा वाईट वेळी नसते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट हिशोबाच्या भाषेत चटकन कळेल. सकाळी हा मुलगा काही शिल्लक घेऊन घराबाहेर पडतो. रिक्षात नेहमीच्या जागी दुसरा मुलगा बसला, खर्च पडला. प्रार्थनेला माइक कर्कश वाजला, खर्च. गणिताच्या बाई रजेवर, त्यांच्या जागी नव्या बाई, मोठा खर्च. मधल्या सुट्टीत मुलांनी चिडवले, आणखी मोठा. दुपारपर्यंत खाते रिकामे होते. तरी शाळेत तो दात-ओठ खाऊन शिस्तीत बसतो. चार वाजता घरी येतो आणि पोह्यांत मटार दिसले म्हणून बशी फेकतो. आई म्हणते, मटारासाठी एवढा तमाशा? मटार ही फक्त शेवटची पावती होती. शाळा म्हणते, “आमच्याकडे अगदी व्यवस्थित असतो, घरीच काहीतरी चुकत असेल.” प्रत्यक्षात, जेथे त्याला सुरक्षित वाटते तेथे तो फुटतो.

म्हणून मावशीने आणि मी दोन वर्षांपूर्वी एक वही घातली. तज्ज्ञ मंडळी अशी नोंद ठेवायला सांगतातच; आम्ही तिला रोजकीर्द म्हणतो. तारीख, वेळ, जागा, आधी काय घडले, काय झाले, किती वेळ चालले, नंतर काय केले, एवढेच रकाने. महिनाभराने या रोजकीर्दीवरून खतावणी केली, म्हणजे कारणवार खाती पाडली. मग जे दिसले ते घरात कोणाच्याच अंदाजाप्रमाणे नव्हते. काका म्हणत, अभ्यासाचा कंटाळा. अज्जी म्हणे, मोबाइल. खतावणीत सर्वांत मोठे खाते निघाले ते शाळेतून आल्यानंतरच्या पहिल्या तासाचे, आणि त्याखालोखाल न कळवता आलेल्या पाहुण्यांचे. आता शाळेतून आल्यावर तासभर त्याला कोणी काही विचारत नाही. ‘आज शाळेत काय शिकवलं?’ हा निरुपद्रवी प्रश्नसुद्धा नाही. कपडे बदलून तो गच्चीच्या जिन्याखालच्या कोपऱ्यात जातो, तेथे त्याच्या रेल्वेच्या वह्या आहेत. अभ्यास सहा वाजता. एवढ्या एका फरकाने आठवड्यातल्या नोंदी निम्म्यावर आल्या. प्रत्येक मुलाची खतावणी निराळी निघेल, हे ओघाने आलेच.

ब्रेंडा स्मिथ माइल्स आणि जॅक साउथविक या लेखकद्वयाने १९९९ साली याच विषयावरील पुस्तकात कडेलोटाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्यांना मराठीत धुसफूस, उद्रेक आणि सावरणे असे म्हणता येईल. मोठ्या माणसांना खरोखर काही करता येते ते धुसफुशीच्या वेळी. ही वेळ ओळखू येण्यासाठी त्या मुलाच्या सवयी माहीत हव्यात. आमचा हा तळवे एकमेकांवर घासू लागतो, एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणतो, आवाज एकदम चढवतो. अशा वेळी ‘काय लावलं आहेस?’ म्हणण्याऐवजी काहीतरी निमित्त काढून त्याला तेथून हलवायचे. “खालून पाण्याची बाटली आणतोस का?” इतके साधे निमित्तही चालते.

मुलाला स्वतःला आपली पायरी ओळखता यावी म्हणून १ ते ५ आकड्यांची पट्टी वापरतात. २००३ साली अमेरिकेतील दोन शिक्षिकांनी ती पुस्तकरूपाने मांडली आणि आता ती जगभर चालते. आम्ही प्रथम हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी केली होती. त्याने ती बाजूला सारली. चेहरे वाचणे हीच तर त्याची अडचण. मग त्यानेच लिंगमपल्ली-फलकनुमा मार्गावरची पाच स्टेशने निवडली. १ म्हणजे लिंगमपल्ली, २ बेगमपेट, ३ सिकंदराबाद, ४ काचीगुडा, ५ फलकनुमा. आमचे स्टेशन काचीगुडा. तेथे उतरले नाही तर गाडी फलकनुम्याला जाणारच, असे त्याचे शास्त्र आहे. आता तो कधीकधी नुसते “सिकंदराबाद आलं” म्हणतो आणि कोपऱ्यात निघून जातो. नेहमीच जमते असे नाही. पण ‘मला राग येतो आहे’ हे वाक्य ज्याला तीन वर्षांत एकदाही म्हणता आले नव्हते, त्याला स्टेशनचे नाव सांगता येते, हे काही थोडे नाही.

बाकी पूर्वतयारी म्हणजे अचानकपणा शक्य तितका कमी करणे. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या रात्री फळ्यावर लिहिणे, बदल असेल तर तो आधी सांगणे, आणि अनिश्चित असेल तर ‘अनिश्चित’ असेच लिहिणे. आपल्या या शहरात सणांचा आवाज मोठा: आषाढात बोनालूचे ढोल, भाद्रपदात विसर्जनाची मिरवणूक, दिवाळीचे फटाके, लग्नात मर्फा. त्याला या सर्वांपासून लपवून ठेवावे असे मी म्हणत नाही. त्याला स्वतःलाच गणपती आवडतो. राणीगंजच्या बाजारात कारखान्यातले कामगार कानांवर लावतात ते जाड मफ मिळतात. ते लावून, मिरवणूक गच्चीवरून, त्याने ठरवलेली वीस मिनिटे, असा आमचा करार असतो. फंक्शन हॉलमध्ये गेल्यावर पहिले काम म्हणजे शांत खोली किंवा निदान पार्किंगची जागा हेरून ठेवणे, आणि ती त्यालाही दाखवणे.

एवढे करूनही कडेलोट होतोच. तेव्हा काय करावे? खरे सांगायचे तर फारच थोडे, आणि तेच अवघड असते. लागण्यासारख्या वस्तू दूर कराव्या, डोके आपटत असेल तर मध्ये उशी धरावी, दिवा मंद करावा, टीव्ही बंद करावा, माणसे बाहेर काढावी. जवळ एकानेच थांबावे, तेही थोड्या अंतरावर, बसून, त्याच्या वाटेत न येता. डोळ्यांत पाहायला लावू नये. त्याने आधी सांगून ठेवले नसेल तर धरू नये, मिठी मारू नये. स्पर्शसुद्धा त्या वेळी खर्चातच पडतो. मारणे, कोंडून ठेवणे किंवा मोबाइलवर चित्रण करणे यांविषयी वेगळे लिहायला नको. शक्यतो बोलू नये. बोललेच तर दोन-तीन शब्द, हळू, आणि तेच ते.

या बोलण्याचा मुद्दा आपल्यासारख्या घरांत विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. आमची अज्जी बीदरची, तिची भाषा कन्नड. काकांची मराठी. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई तेलुगू. पूर्वी काही झाले की तिघेही धावत येत. “एनायतु?” “एमैंदी?” “काय झालं?” तीन भाषांत प्रश्न एकच, आणि उत्तर देण्याची त्याची शक्ती त्या घटकेला शून्य. यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी तोडगा सुचवला की घरात फक्त इंग्रजी बोला, अनेक भाषांमुळेच मुलाचा गोंधळ होतो. हा समज फार पसरलेला आहे, आणि त्यापायी कित्येक घरांतून मुलाचे आजीशी बोलणे बंद पडते. दोन भाषांत वाढल्याने स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. भाषा चारही राहू देत. कडेलोटाच्या वेळी माणूस एक आणि भाषा एक असावी, एवढेच. आमच्या घरी ती भाषा अज्जीची निघाली. “साकु, साकु”, म्हणजे पुरे, पुरे, एवढेच ती जिन्याच्या पायरीवर बसून म्हणत राहते.

तिचीच एक वस्तूही उपयोगी पडली. टेम्पल ग्रँडिन या प्रसिद्ध अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बाई स्वतः स्वमग्न आहेत. तरुणपणी मावशीच्या गुरांच्या रँचवर, जनावरांना लस टोचताना दोन बाजूंनी दाबून धरणारा सापळा त्यांनी पाहिला. त्यात जनावर शांत होते हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले. सर्व अंगावर सारखा पडणारा दाब काहींना निववतो. आजकाल त्यासाठी जड पांघरुणे विकत मिळतात. आमच्याकडे अज्जीने जुन्या लुगड्यांची शिवलेली कौदी होती, म्हणजे आपली गोधडी. ती कोपऱ्यात ठेवलेली असते आणि तो स्वतःच ओढून घेतो. स्वतः ओढून घेणे महत्त्वाचे. आपण अंगावर टाकली तर तीच कौदी शत्रू होते.

उद्रेक ओसरल्यावर मोठ्या माणसांचा धीर सुटतो. आता शांत झालाय तर दोन शब्द सुनवावे, ‘सॉरी म्हण’ म्हणावे, अशी ऊर्मी येते. पण सावरण्याची पायरी अजून चालूच असते आणि इतक्यात टोचले तर गाडी पुन्हा उलटी फिरते. पाणी, थोडे ताक, झोप आली तर झोप. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, शेजारी बसून, शक्य तर कागदावर चौकटी काढून: आधी हे झाले, मग हे, मग हे; पुढच्या वेळी या चौकटीत काय करता येईल? कागदावर बोलणे त्याला समोरासमोर बोलण्यापेक्षा सोपे जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण हा भाग नेहमी गुळमुळीत ठेवला जातो. समजून घेणे म्हणजे कोणालाही मारण्याची मुभा देणे नव्हे. माझ्या या भावाला सहा वर्षांची बहीण आहे. तिने पुष्कळ सोसले आहे, आणि ‘तू शहाणी ना, तू समजून घे’ हे वाक्य तर तिला फारच ऐकावे लागले आहे. आता तिच्यासाठीही नियम आहे: दादाचा आवाज चढला की तिने कोणाला न विचारता खाली आमच्याकडे यायचे. आमचे दार त्या वेळी उघडे असते. काही फुटले-सांडले असेल तर दुसऱ्या दिवशी तो आणि मावशी मिळून आवरतात. त्यात शिक्षेचा सूर नसतो, पण आवरणे टळतही नाही.

सगळीच मुले आदळआपट करतात असेही नाही. काही त्याच अवस्थेत एकदम गप्प होतात, टेबलाखाली जाऊन बसतात, विचारलेले ऐकू आले नाही असे वाटावे इतकी गोठतात. मुलींमध्ये हा प्रकार पुष्कळदा ‘शांत स्वभाव’ म्हणून खपून जातो आणि निदान उशिरा होते.

आपल्या शहराला या बाबतीत एक सोय आहे. सिकंदराबादेत, मनोविकास नगरमध्ये, १९८४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तिचे जुने नाव एन.आय.एम.एच., आताचे एन.आय.ई.पी.आय.डी. भारतीय मुलांची स्वमग्नता तपासण्याची ‘इसा’ ही मापनपद्धती याच संस्थेने तयार केली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली आणि २०१६ साली सरकारने प्रमाणपत्रासाठी मान्य केली. तीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण देतात. एकूण ७० पेक्षा कमी आल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र असे मानतात. मात्र पट्टी हातात आली म्हणून घरीच गुण मांडू नयेत. ते काम प्रशिक्षित माणसाचे. कडेलोट एकाएकी वाढले असतील तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. दाढ, कान किंवा बद्धकोष्ठ यांचे दुखणे न सांगता आल्यानेही असे होते. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. चिडचीड फारच तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञ काही औषधे देतात, पण तो निर्णय त्यांचाच.

पैशाचाही प्रश्न असतो. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता समाविष्ट झाली. न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात उपचारपद्धतींचा काही खर्चही बसतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे. तरीही माझ्या भावाच्या आधीच्या शाळेने, त्याचा बाक न सांगता बदलल्यावर झालेल्या एका कडेलोटानंतर, मावशीला बोलावून “टी.सी. घेऊन जा” असेच सांगितले. आताच्या शाळेतील वर्गशिक्षिकेने फक्त एक लाल कार्ड दिले आहे. ते टेबलावर ठेवून तो न बोलता वाचनालयात जाऊ शकतो. पहिल्या महिन्यात त्याने ते रोज वापरले; आता कार्ड बहुधा कंपासपेटीतच असते. या व्यवस्थेला खर्च शून्य.

ही मुले मोठी होतात आणि आपल्याच वर्गांत येऊन बसतात. ‘अ‍ॅस्पर्गर’ हा शब्द त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कानावरही आलेला नसतो. गॅदरिंगच्या दिवशी न दिसणारा, तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तर न देता उठून जाणारा, खोली बदलली की दारातच घुटमळणारा एखादा विद्यार्थी आपल्या पाहण्यात असतो. प्राध्यापकांना एवढीच विनंती की वर्गाची खोली किंवा परीक्षेची वेळ बदलायची असेल तर सूचना आदल्या दिवशी फळ्यावर लावावी, आणि कोणी मध्येच उठून बाहेर गेला तर सर्वांसमक्ष कारण विचारू नये. विद्यार्थी-मित्रांनी त्याच्या मागोमाग घोळक्याने जाऊ नये. एकाने जावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि थोडे अंतर राखून बसावे. परीक्षेसाठी जादा वेळ हवा असेल तर प्रमाणपत्राचे काम सत्राच्या सुरुवातीलाच हाती घ्यावे. तपासणीची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जातात.